बाजूच्या दारानं

वीजबिलाच्या पाठीवर मी सहा सेमिस्टरं आखली.
पुढच्या अंगाला कन्नडात छापलंय
थकबाकी, दंड, शेवटची तारीख.
मागच्या अंगाला माझ्या अक्षरात
जवळजवळ तेच.

पहिलं सेमिस्टर झालंय, तरी आखलं.
खोडायला काहीतरी पाहिजे.

आधी डिप्लोमा. मग प्रवेश परीक्षा.
मग डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला थेट, बाजूच्या दारानं.
कागदावर ही वाट खानापूर ते बेळगाव एवढीच दिसते,
एका बसची,
खिडकीकडची जागा मिळाली तर झोपेची.

दुसऱ्यात विजेची मूलतत्त्वं. ती मला येतात.
बाबांच्या दुकानात जळक्या मोटरी उघडताना
वार्निशच्या वासासकट आली.
नावं तेवढी येत नाहीत.

अंकलगी सर कन्नडात विचारतात,
मी मराठीत सांगते,
फळ्यावरचं इंग्रजी दोघांकडं बघत राहतं.
परवा लॅबमध्ये म्हणाले, रोटर मागं का राहतो?
म्हटलं, सर, बरोबरीला आला तर जोर कुठला,
मग तो नुसताच फिरणार.
ते थोडा वेळ माझ्याकडंच बघत राहिले.
मग माझ्या वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं, स्लिप,
आणि खाली दोन रेघा ओढल्या.
आमच्या दुकानात याला नाव नव्हतं.
बाबा नुसते म्हणायचे, राहू दे थोडी मागं, ओढती की.

तिसऱ्यात मापनयंत्रं. चौथ्यात मशीन्स.
पाचव्याच्या चौकटीत मी भरमूचं नाव लिहिलं आणि खोडलं.
भरमू, माझा चुलतभाऊ, चंदगडला शिकला, घाटाच्या त्या अंगाला.
त्याच्या तीन विषयांना इकडं 'समकक्ष' हा शब्द मिळेना.
दोन वर्षं तो एका शब्दामागं फिरला,
या खिडकीतून त्या खिडकीत, झेरॉक्सच्या झेरॉक्स काढत.
आता उद्यमबागेत लेथवर आहे.
भेटला की विचारतो, कितवं?
मी आकडा सांगते. तो मान हलवतो, जसा शाफ्ट तपासतात.

म्हणून आधी कागद : रहिवासी, जात, उत्पन्न,
सातवीचा दाखला, ज्यात माझं नाव सुलभा,
दहावीचा, ज्यात सुलभ.
एक काना आणायला तहसीलला तीन खेपा.

नोव्हेंबरची एक तारीख कोरी ठेवली.
त्या दिवशी बस बंद असते,
कुणाच्या तरी बाजूनं.

डिग्रीत गेल्यावर जादा गणित आहे, एक आणि दोन.
त्याचे मार्क धरत नाहीत,
नापास झालं तर तेवढं धरतात.

रात्री बाबा तांब्याच्या तारेचा बिंडा खाली ठेवत म्हणाले,
काय लिहायलीस?
सांगितलं.
मग तुला मोटर बांधायला येईल?
आत्ताच येते की, बाबा.
मग?

या 'मग'ला चौकट नव्हती.
मी समासात एक लहान प्रश्नचिन्ह काढलं
आणि त्याला पेनानं गोल केलं.

सकाळी उठले तर कागद जागेवर नाही.
बाबा बिल भरायला घेऊन गेलेले, शेवटची तारीख होती.
दुपारी परत आला तेव्हा
चौथ्या सेमिस्टरवर शिक्का उमटलेला,
जांभळा, उलटा, भरणा झाल्याचा.

काउंटरवरच्यानं पाठ वाचली, बाबा म्हणाले.
रांग खोळंबली तरी वाचत बसला.
मग काय म्हणाला?
'मॅथ्स मोदलु मुगिसु' म्हणाला. गणित आधी उरकायला सांग पोरीला.
तो स्वतः दुसऱ्यातच अडकलाय म्हणे,
अकरा वर्षं झाली.

मी पेन घेतलं,
गणित वर सरकवलं.
बाबांनी पंखा माझ्याकडं वळवला
आणि शेगावकरांच्या पंपाची बॉडी उघडायला बसले.